लांबचं वळण

लबक शहराच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर आम्ही हौशी मंडळी केशरी शंकू मांडून ट्रक पळवतो. शंकू पडला की दोन सेकंदांचा दंड. लांबच्या वळणावर पडलेले शंकू कळवायला वॉकीटॉकी घेऊन कायम डॅडी उभे असायचे. पोटच्या पोरीलाही सूट नाही!

ते गेल्यानंतरची ही पहिलीच शर्यत. त्या वळणावर कोणीच नव्हतं. मी त्यांच्याच ट्रकने तिथला शंकू उडवला आणि गुपचूप पुढे निघाले.

वेळ नोंदवायला यंदाच आलेली वांडा म्हणाली, "दोन सेकंद वाढले गं तुझे. लांबच्या वळणावर शंकू पडला."

"तुला कोणी सांगितलं? तिथे कुणीच नाहीये!"



"वॉकीटॉकीवर कुणी म्हातारा होता. म्हणाला, 'पोरगी माझीच आहे, पण पडला तर पडला.'"