चार बोटं

"बाई, माझं कुठलं?"

तिसरीतली मुलगी प्रदर्शनाच्या टेबलासमोर उभी होती. तिच्या नावाची चिठ्ठी समोर होती, चिठ्ठीमागे तिचं पुठ्ठ्याचं पुस्तक-स्टँडही होतं. तरी ती आजूबाजूच्या वस्तूंवरून नजर फिरवत होती.

"अगं, हे काय, नाकासमोर तर आहे," हस्तकलेच्या बाई म्हणाल्या.

"हे सरळ आहे."

"एका दिवसात शहाणं झालं वाटतं!" शेजारी उभा असलेला, सगळे ज्याला बडबड्या म्हणत तो मुलगा म्हणाला. "काल तर लंगडत होतं."

बाई हसल्या, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. काल शाळा सुटल्यावर त्यांनीच टेबलं मांडली होती. घरातल्या एका माणसासाठी एक वस्तू, असं काम दिलं होतं. सगळ्यांच्या वस्तू नीट दिसत होत्या. हे एकच स्टँड डावीकडे कललेलं, उजवा पाय भलताच उंच. उद्या सगळ्या पालकांसमोर पोरीचं हसं व्हायचं. त्यांनी कटर घेतला आणि दोन्ही पाय सारखे केले. फळीच्या डाव्या कडेला एक पट्टी उभी चिकटवली होती. ती कशाला, ते काही कळेना, म्हणून तीही काढून टाकली.

"थोडं नीट केलं मी," बाई हळूच म्हणाल्या. "मोजताना गडबड झाली असेल तुझी. होतं असं."

 मुलीने दाराकडे पाहिलं. दप्तरातून एक वही काढून स्टँडच्या उजव्या पायाखाली सरकवली. मग दुसरी.

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. "वा, सुबक झालंय हो! पण या वह्या कशाला? चांगलं नाही दिसत." त्यांनी स्वतःच वह्या काढून मुलीच्या हातात दिल्या. मुलीने हस्तकलेच्या बाईंकडे पाहिलं. बाई चिठ्ठ्या सारख्या करू लागल्या.

पालक येऊ लागले. "आत्या!" म्हणत मुलगी दाराकडे पळाली.

आत्याचं डोकं डाव्या खांद्यावर कललेलं होतं. खांदा आणि कान यांमध्ये फोन धरावा तसं. फक्त फोन नव्हता.

"कुठंय माझं सिंहासन?" आत्या म्हणाली. "पंधरा दिवस मानेला बोटं लावून मोजतेय ही. डॉक्टरांनीसुद्धा एवढी मोजली नव्हती! म्हणते, आता वाचताना पुस्तक हातात धरायला नको."

तिने पिशवीतून पुस्तक काढून स्टँडवर ठेवलं. दोन ओळी वाचल्या. मग पुस्तकाचा उजवा कोपरा हाताने उचलून धरला.

"छान झालंय गं," ती म्हणाली.

मुलगी खाली बघत होती.

बाईंची नजर फळ्याकडे गेली. पहिल्या दिवशी त्यांनीच वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, पुसू नये म्हणून भोवती चौकट आखली होती : आधी माणूस मोजा, मग वस्तू करा.

"तिनं असं केलं नव्हतं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटला. मुख्याध्यापिकांनी वळून पाहिलं. "तिनं बरोबर केलं होतं. मी कापलं. तिला न विचारता."

 बडबड्या म्हणाला, "पण बाई, दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"हो. मीच सांगते."

कपाटामागची कचऱ्याची टोपली अजून रिकामी झाली नव्हती. बाईंनी ती सगळ्यांसमोर जमिनीवर उलटी केली आणि गुडघे टेकून बसल्या. रंगीत कागद, दोऱ्यांचे तुकडे, पेन्सिलीची टरफलं. उभी पट्टी आधी मिळाली. आत्याने ती हातात घेऊन फिरवून पाहिली. "ही होय! पुस्तक घसरू नये म्हणून."

उजव्या पायाचा कापलेला तुकडा तळाशी होता. त्यावर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या आणि बाजूला लिहिलं होतं : आत्या.

मुलगी शेजारी येऊन बसली. तिने तुकड्यावर आपली चार बोटं ठेवली. रेघांवर बरोबर बसली.

"आहेत, बाई. चारही आहेत," ती म्हणाली. बाईंची समजूत घालावी तसं. मग डिंकाची बाटली उघडली. "तुम्ही धरा, मी चिकटवते."

बाईंनी तुकडा पायाला लावून धरला.

"आता हलवायचं नाही हं, वाळेपर्यंत."

बाईंनी हात हलवला नाही. मानही वर केली नाही.