खोडलेलं रीडिंग

"अकरा मार्चला दुपारी तीन वाजता मशीनवर कोण बसलं होतं?"

मारुतीरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. मारुतीराव कंपनीच्या क्वालिटीचे प्रमुख. शेजारी बेंगळुरूहून आलेले तपासनीस. समोर युवराज. कंग्राळीच्या शेतकऱ्याचा पोरगा, चौदा वर्षं बेळगावच्या याच लॅबमध्ये घासून आता सिनियर सायंटिस्ट झालेला. इथून बाहेर पडणाऱ्या इन्सुलिनच्या प्रत्येक बॅचच्या रिपोर्टखाली त्याची सही. ती झाली की पुन्हा कुणी काही विचारायचं नाही. आज मात्र त्यालाच विचारत होते.

भानगड तशी एवढीशीच. त्या दिवशी मशीनमधलं एक रीडिंग कुणीतरी खोडलं होतं आणि तोच नमुना पुन्हा लावला होता. आता मशीन काय कुणाची भावकी बघतंय होय! कुणी, किती वाजता, काय केलं, सगळं लिहून ठेवतं. त्यात नाव होतं युवराजचं. आणि युवराज तर त्या वेळी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये अडकलेला.

मशीनवर होती राणी. खासबागची, नवीन लागलेली. आई अंबूबाई मागावर कापड विणणाऱ्यांना सुताच्या कांड्या भरून देते; घरात महिन्याचा पगार आणणारी ही पहिलीच. राणीचा स्वतःचा पासवर्ड हेड ऑफिसकडून अजून यायचा होता. नमुना उघडलेला, तासाभरात वाया जाणार. पोरीनं रडकुंडीला येऊन फोन केला, "सर, आता काय करू?" आणि युवराजनं, शेजाऱ्याला घराची किल्ली द्यावी तसा, आपला पासवर्ड सांगून टाकला. गावाकडच्या माणसाची सवय, जाते कुठं! पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, हे नव्या पोरांना शिकवायचा तोच. रीडिंग खोडल्याचं मात्र राणी त्याला काही बोलली नव्हती.

सकाळीच दोघांचे फोन काढून घेतले होते. एकमेकांशी बोलायचं नाही, अशी ताकीद. मघाशी राणी याच खोलीतून डोळे पुसत बाहेर पडताना युवराजनं बघितली होती. खरं सांगावं तर पोरीची नोकरी जाणार. असा डाग लागल्यावर तिला दुसरीकडं दारात तरी कोण उभं करणार? न सांगावं तर बालंट आपल्यावर. इकडं आड, तिकडं विहीर. त्याला काही सुचेना. शेवटी वाटलं, आपण जुने. आपल्याला सांभाळून घेतील. चौदा वर्षांची सही अशी फुकट जात नाही.

"मीच हुतो, सर," तो म्हणाला. "मीटिंगमधनं मधेच खाली आलतो. मीच खोडलं."

"आणि राणी?"

"तिचा काय संबंध न्हाय. ती नव्हतीच तिथं."

बोलून झालं आणि त्याला जरा हलकं वाटलं. तपासनीस लिहायचे थांबले. मारुतीरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय केलंत हे, युवराज!" ते हळहळले. "पासवर्ड दिला म्हणाला असता तर एक मेमो देऊन मिटवलं असतं. राणीनं सगळं खरं लिहून दिलंय. मशीनमध्ये हवेचा बुडबुडा अडकला, रीडिंग वाकडं आलं, म्हणून खोडलं. वहीत कारण लिहायचं राहिलं, एवढंच. त्यात काय पाप नव्हतं हो. पण आता हे साहेब विचारणार, हा माणूस इथं बसून खोटं बोलतो, तर ह्याच्या चौदा वर्षांच्या सह्यांचं काय करायचं?"

युवराजला सगळं कळून चुकलं. आता खरं सांगितलं तरी ते खरं कोण धरणार? लई चुकलं, लई चुकलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

मारुतीरावांनी राणीचा कागद त्याच्याकडं सरकवला. "शेवटची ओळ वाचा," ते म्हणाले आणि खिडकीकडं बघत बसले.

राणीनं लिहिलं होतं, "माझ्यावर विश्वास नसेल तर युवराज सरांना विचारा. सर कधी खोटं बोलत नाहीत."