मिथिलाचा स्वतःचा दात

“दुधाचा दात पडला की मुलीला लगेच आणायचं असतं, ताई,” मिथिलाच्या हिरडीवर बोट फिरवत डॉक्टर म्हणाले. “आता हिचा स्वतःचाच दात वर आलाय. तो उपटला तरच आमच्या दाताचं बी रुजेल.”

सुलभा लेकीला मुद्दामच उशिरा घेऊन आली होती. तिच्या तोंडात लहानपणी पेरलेले आरोग्यकेंद्राचे दात होते. ती काय खाते, किती खाते, सगळं ते केंद्राला कळवत. आईच्या तेराव्याला खाल्लेल्या एका लाडवासाठीही तिला नोटीस आली होती.

“उपटायचा नाही,” ती म्हणाली.

“मग शाळेत घेणार नाहीत हिला.”

“घरी शिकवीन.”

मिथिलाने खुर्चीतून उडीच मारली.

फाटकाबाहेर एक बाई कैऱ्या विकत होती. सुलभाने तिखटमीठ लावलेली एक फोड लेकीला दिली, एक स्वतः खाल्ली. लगेच तिच्या दाढेत इशाऱ्याची कळ उठली. कळ सोसत तिने आणखी एक फोड घेतली.

मिथिला नव्या, जरा वाकड्या दाताने कैरी कुरतडत होती.

“आई, माझा दात कुणाला काही सांगत नाही?”

“नाही. काय सांगायचं ते तू सांगायचंस,” सुलभा म्हणाली. “दाताने नुसतं चावायचं.”