एक चौकट पुसायची

खाऱ्या पाण्यातल्या आमच्या शेतात सहा महिने भात असतो आणि सहा महिने कोळंबी. कोळंबीचे ठेकेदार इट्टूप मुदलाळी यांना भात बंद करून बाराही महिने कोळंबी हवी होती. आम्हा बायकांना ते पटावं म्हणून त्यांनी पंचायतीत तीन दिवसांचं शिबिर भरवलं. दुपारी माशाचं कालवण होतं, म्हणून झाडून सगळ्या गेलो.

शिकवायला आलेल्या रेम्या टीचरनं फळ्यावर चौकटी काढल्या: भात, कोळंबी, भरतीचं पाणी, बायका, ठेकेदार. कोण कोणाला पोसतं त्याचे बाण आमच्याकडूनच काढून घेतले. शेवटच्या दिवशी म्हणाली, "जी चौकट पुसली तरी बाकीचं चालू राहील, ती पुसून दाखवा."

मुदलाळी पहिल्या रांगेत आम्हाला वाटायची शिबिराची प्रमाणपत्रं मांडीवर घेऊन बसले होते. आम्हा सगळ्यांची थोरली बहीण म्हणावी अशी चिरुताचेची उठली.

"भात पुसला तर कोळंबी उपाशी मरेल, ती आमच्या कुजलेल्या धसकटांवर वाढते. कोळंबी पुसली तर भाताला खत कुठलं? आणि आम्हाला पुसलं तर चिखलात उतरणार कोण?"

"भाषण पुरे, चेची. पुसा आता," मुदलाळी हसत म्हणाले.

चेचीनं खांद्यावरचा पंचा काढला आणि 'ठेकेदार' पुसून टाकलं. त्या चौकटीत बाण नुसते शिरत होते, बाहेर एकही येत नव्हता.

मग ती मुदलाळींसमोर जाऊन उभी राहिली.

"द्या माझं प्रमाणपत्र."