पूर्ण नाव

श्वासाची नळी काढायची सगळी तयारी झाली होती. डॉक्टर नीलकंठांनी हातमोजे चढवले होते. खाटेवरचे वझे उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत होते. हातपाय हलत नव्हते, पण डोळे जागे होते. अकरा दिवस यंत्रच त्यांच्यासाठी श्वास घेत होतं. छाती सुधारली आहे, तीन वाजता नळी काढा, असं मोठ्या डॉक्टरांनी सकाळी कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद डॉक्टरांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून काढून ट्रेमध्ये ठेवला होता.

बकुळ सिस्टर तोंडावरची पट्टी सोडवायला वाकल्या आणि थांबल्या. त्या दोन वाजता कामावर आल्या होत्या. पायथ्याशी वझ्यांची बायको शारदाबाई उभी होती.

"काकू, पेशंटचं पूर्ण नाव सांगा."

शारदाबाईंनी पदर सावरला आणि मान खाली घातली.

"वझे ना, माताजी?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना मराठी समजायची, पण तोंडात हिंदीच यायची.

शारदाबाईंनी मान डोलावली.

"लो, हो गया. पट्टी खोलिए, सिस्टर."

"मान नको सर, नाव हवं," सिस्टर म्हणाल्या. "घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो."

शारदाबाई बरुआसागरहून सोळाव्या वर्षी खंडेराव गेटजवळच्या वझ्यांकडे सून म्हणून आल्या होत्या. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूने दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी ते नाव घेतलं नव्हतं. आणि पूर्ण नाव म्हणजे त्यात सासऱ्यांचंही आलं. आज, नेमकं आज, ते तोंडातून कसं निघणार?

"आमच्या इंदूचे बाबा आहेत हे," त्या पुटपुटल्या. "इंदू मोठ गावाहून संध्याकाळच्या बसने येईल. ती सांगेल."

"मग लिहून द्या."

"मला कुठं लिहिता येतं, बाई!"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "सिस्टर, यहाँ नई दुल्हन की मुँह-दिखाई चल रही है क्या? तीन बजकर दस हो गए. बड़े साहब पूछेंगे तो क्या कहूँ?"

"सांगा, बकुळने अडवलं."

बकुळ सिस्टर बबीना छावणीतल्या सुभेदाराची मुलगी. अतिदक्षता विभागात त्यांना बारा वर्षं झाली होती. नाव ऐकल्याशिवाय त्या रक्ताची बाटलीही लावत नसत. वॉर्डातले लोक त्यांना मागून थानेदारनी म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं.

त्या शारदाबाईंजवळ गेल्या. त्यांचा थंडगार हात धरला.

"काकू, एकदाच. माझ्या कानात सांगा. पाप लागलं तर मला लागू दे."

शारदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. छताकडे लागलेले डोळे वळून त्यांच्याकडे आले होते. त्यांनी सिस्टरच्या कानाशी तोंड नेलं, पण आवाज मोठा निघाला आणि सगळ्यांनाच ऐकू गेला.

"यज्ञेश्वर. यज्ञेश्वर केशव वझे."

डॉक्टरांनी ट्रेमधला कागद उचलला. पुन्हा वाचला. कागद वामन विश्वनाथ वझ्यांचा होता.

शेजारच्या खाटेकडे सिस्टर आणि डॉक्टर एकदमच वळले. सकाळी तिथल्या ऑक्सिजनचा पाइप गळत होता. दुरुस्तीच्या गडबडीत दोन्ही वझ्यांच्या जागा बदलल्या गेल्या होत्या आणि कागद आपापल्या खिळ्यांवरच राहिले होते. छाती सुधारली होती ती वामनरावांची. यज्ञेश्वररावांच्या नसा दुबळ्या झाल्या होत्या. नळी निघाली असती, तर पुढचा श्वास त्यांना ओढता आला नसता.

बकुळ सिस्टरनी पट्टी चाचपली, घट्ट आहे याची खात्री केली आणि कागद ज्याच्या त्याच्या खाटेला बांधला. डॉक्टर नीलकंठांनी हातमोजे काढले. मग त्यांनी शारदाबाईंसमोर हात जोडले.

शारदाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून त्या नाव घेतल्याबद्दल त्यांची माफी मागत होत्या.