बिघडवलेल्या बरण्या

धाकट्या मालकांनी लाकडी पिंपाला नळी लावली, तशी पाहुण्यांच्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या एका बाईने डोक्यावरची टोपी नीट बसवली. बाकीचे फोटो काढण्यात दंग होते. हिनेही त्यांच्यासारखंच तिकीट काढलं होतं, उन्हाची टोपी घातली होती, पण ही पाहुणी नव्हती. वाइनरीच्या नाकवाल्याची ती बायको होती, आणि वर्षभर त्याचं नाकही तीच होती.

नाकवाला म्हणजे नुसत्या वासावर निकाल देणारा माणूस. कुठली टाकी बाटलीत भरायची आणि कुठली गटारात सोडायची, हे तो सांगायचा. मागे एक ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. हे कळलं असतं तर मालकांनी त्याच दिवशी हाकललं असतं. पगार नाकाचा होता, त्या नाकामागे लोंबकळणाऱ्या माणसाला कोण पोसतो? म्हणून नमुने जेवणाच्या डब्यातून घरी यायचे, बायको हुंगायची, आणि सकाळी हा ऐटीत जाऊन निकाल द्यायचा. रविवारी मात्र पाहुण्यांसमोर तमाशा असायचा, जागच्या जागी बोलावं लागायचं. त्या दिवशी ती घोळक्यात शिरायची. वाइन बिघडलेली असली की टोपी काढायची. मालकांनी तिला कधी ओळखलं नाही. कामगाराच्या बायकोचं तोंड बघायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

तिला तयार केलं त्यानेच, घरच्या न्हाणीघरात. द्राक्षं आणायची, चुरडायची, बरण्यांत भरायची आणि मुद्दाम नासवायची. एक बरणी उघडी टाकून आंबवलेली, एकीत भिजका पुठ्ठा घातलेला, एकीला सडक्या अंड्यांचा वास सुटेपर्यंत तशीच ठेवलेली. "हुंग. पाठ कर," एवढंच तो म्हणायचा.

"लोक घरी वाइन करून पितात," ती नाक दाबून म्हणायची, "आपण करून सडवतो. कुणाला सांगायची सोय नाही."

हुंगून झालं की सगळं मोरीत. एक घोट कधी घशाखाली उतरला नाही. डब्यातले नमुने ताज्या वाइनचे असायचे. त्यांना फळांचा वास आला की ठीक, घाण आली की बाद. याहून जास्त काही शिकवायची गरज त्याला वाटली नाही.

"हे बाबांच्या हातचं शेवटचं पिंप," धाकटे मालक पाहुण्यांना सांगत होते. "भरलं आणि त्याच वर्षी ते गेले. आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उघडतोय. तुम्ही नशीबवान आहात." मग ते वळले. "बोला नाकवाले."

सगळ्यांच्या हातात ग्लास आले. तिने नाक आत घातलं. ओली माती. जुनं चामडं. तंबाखू. फळ म्हणाल तर औषधालाही नाही. तिने घाईने ग्लास तिरका करून परत हुंगलं, वाइन बोटांवर सांडली. असला वास घरातल्या कुठल्याच बरणीत नव्हता. पण पायातल्या वहाणेचा वास प्यायच्या वस्तूला कसा काय येईल?

तिने टोपी काढली.

नाकवाल्याने डोळे मिटून लांब श्वास ओढला, मान हलवली.

"गेलंय हे, मालक. ओतून टाका."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मालकांनी ग्लास उचलला, घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. त्यांचे डोळे भरून आले.

"परत वास घ्या," ते हळू म्हणाले.

नाकवाल्याची नजर घोळक्यात गेली. टोपी अजून तिच्या हातातच होती.

"तिकडे काय बघताय? माझ्याकडे बघून सांगा. कशाचा वास येतोय?"

"जरा सर्दी आहे, मालक..."

"कशाचा?"

त्याने ग्लास नाकापासून खाली घेतला.

"कशाचाच येत नाही," तो म्हणाला.

मालकांनी ग्लास त्याच्या हातून काढून घेतला. "माझ्या बापाचं पिंप ओतायला निघाला होतात," ते म्हणाले. "वाइन इतकी मुरली की फळ जातं, माती-चामड्याचाच वास येतो. डबा उचला आणि निघा." मग पाहुण्यांकडे वळून, आवाजात परत साखर आणत, "चला, पुढे चीज ठेवलंय."

घोळका चीजकडे गेला. ती मागे राहिली. ग्लासात थोडी उरली होती. तिने ती तोंडात घेतली आणि गिळली. मग बराच वेळ पिंपाला हात लावून उभी राहिली.

तो फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला थांबला होता, डबा काखेत मारून.

"खरंच गेलं होतं का गं?"

खोटं बोलणं तिला सोपं होतं. वर्षभर तेच केलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "चांगलं होतं. फार चांगलं होतं, अहो. मला कळलं नाही."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"चांगलं म्हणजे कसं?" त्याने विचारलं.

तिने वाइन सांडलेली बोटं त्याच्यापुढे धरली. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि छाती फुगेपर्यंत श्वास ओढला. सोडला. परत ओढला.

पाहुण्यांची पुढची बस फाटकाशी येऊन हळू झाली. खिडकीतल्या एका बाईने शेजारी पेंगणाऱ्या नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"बघा जरा," ती म्हणाली. "या वयात, भर रस्त्यात, बायकोचा हात कसा धरलाय. शिका काहीतरी."