अंड्यातल्या नातीचं बारसं

कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या इंदुमती गद्रे नातीच्या बारशाला आल्या खऱ्या, पण पाळण्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या सुनेने, अनघाने, ना पोट वाढू दिलं होतं ना कळा सोसल्या होत्या. दुसऱ्याच महिन्यात दवाखान्यात जाऊन तिने अंडं घातलं, ते उबवणीच्या पेटीत ठेवलं आणि ती कामावर गेली. हल्ली गावातल्या निम्म्या बायका हेच करत होत्या.

"ओटी कुणाची भरायची होती, पेटीची?" इंदुमतीबाई बायकांत बसून म्हणाल्या. "अंडी पक्षी घालतात, सरपटणारे प्राणी घालतात. माणूस सस्तन. आमची सून मात्र थेट कोंबडीच्या वर्गात जाऊन बसली."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाळ रडायला लागलं तसं अनघाने त्याला पदराखाली घेतलं. चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज आला आणि इंदुमतीबाईंनी पहिल्यांदाच नातीकडे मान वळवली.

शेजारच्या पेंडसेबाईंना मात्र चेव आला होता. "गद्रेबाई, पिल्लाच्या बारशाला घुगऱ्या कशाला केल्यात? अंगणात दाणे टाकायचे की."

इंदुमतीबाई उठल्या. दूध पिऊन झालेली नात त्यांनी सुनेकडून उचलून घेतली आणि खांद्याला लावली.

"पिल्लाला दूध पाजतो तो प्राणी सस्तन. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो, तरी त्याला कुणी पक्षी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "हे शाळेतल्या पोरांनाही कळतं, पेंडसेबाई. घुगऱ्या खा आणि वाटेला लागा."